आधी महिना, मग नकाशा

स्वालबार्डला जायचं ठरलं की बहुतेक जण सर्वांत आधी जागांची यादी करायला बसतात. आपल्याकडच्या सहलींनी लावलेली ही सवय आहे: पहिल्या दिवशी हे, दुसऱ्या दिवशी ते, आणि छापील पत्रकातलं एकही ठिकाण सुटता कामा नये. नॉर्वेच्या उत्तरेला, ७४ ते ८१ अक्षांशांदरम्यान पसरलेल्या या द्वीपसमूहापुढे ती सवय कामाची नाही. इथली जवळपास ६० टक्के जमीन हिमनद्यांखाली आहे. लाँगइयरब्येन हे मुख्य गाव. त्याच्या आसपास असतील-नसतील ते रस्ते मिळून चाळीसेक किलोमीटर भरतात आणि तिथून दुसऱ्या वस्तीला जाणारा रस्ताच नाही. पुढे जायचं ते बर्फावरून किंवा पाण्यावरून. त्यामुळे ‘कधी’ हे ठरल्याशिवाय ‘काय बघायचं’ या प्रश्नाला अर्थच येत नाही. आखणी महिन्यापासून सुरू करावी आणि जागा त्यामागून येऊ द्याव्यात, असं माझं ठाम मत आहे.

याचा पुरावा गावाच्या डोक्यावरच आहे. लाँगइयरब्रेन ही हिमनदी उन्हाळ्यात वितळते तेव्हा पाणी तिच्या पोटातून वाट कोरत वाहतं. थंडीत ते आटतं आणि मागे निळसर भिंतींचं भुयार उरतं. हेल्मेट घालून, कपाळावर विजेरी लावून, वाटाड्याबरोबर त्यात उतरता येतं. जुलैत त्याच भुयारात पुन्हा पाणी असतं. नकाशावरचा ठिपका एकच, पण फेब्रुवारीत तिथे माणूस जातो आणि जुलैत नदी. हिमनदीच्या पाठीवरही हेच. वसंतात घट्ट बर्फावरून स्नोस्कूटर धावते. ऊन वाढलं की भेगांवरचे बर्फाचे पूल मऊ पडतात आणि वाटाड्या दोर बांधल्याशिवाय पाऊल टाकू देत नाही. समुद्राची गोष्ट याच्या उलट. अटलांटिकच्या कोमट प्रवाहामुळे पश्चिम किनारा लवकर मोकळा होतो, पण उत्तर आणि पूर्व बाजूला बर्फ पुष्कळदा जुलैतही ठाण मांडून असतो. स्पिट्सबर्गेन बेटाला पूर्ण वळसा घालायचा, तर उन्हाळ्याच्या उत्तरार्धाची वाट पाहावी लागते. ध्रुवीय अस्वलापासून राखायचं अंतरसुद्धा महिन्यावर ठरतं: २०२५ पासून मार्च ते जून ५०० मीटर आणि एरवी ३००. अस्वल जवळून बघण्याची आस असेल तर ती सोडून चांगली दुर्बीण घ्यावी, आणि त्याबद्दल हळहळू नये. नियम अस्वलासाठी आहे.

यावर नोकरदार माणूस म्हणेल की महिना आम्ही कुठे निवडतो, तो शाळा आणि ऑफिस निवडतं. आक्षेप खरा आहे, पण आपल्या सुट्ट्यांनाच हा निकष लावून पाहा. दिवाळीत जाल तर ऑक्टोबरअखेरीस बुडालेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. डोंगरांच्या आडोशामुळे गावात तर तो ८ मार्चच्या सुमाराला पोहोचतो. उत्तरप्रकाशासाठी हा काळ उत्तम, हिमनद्या डोळे भरून पाहण्यासाठी नव्हे. उन्हाळ्याची सुट्टी मात्र अचूक बसते. २० एप्रिलच्या सुमारास सूर्य मावळणं थांबतं आणि तेव्हा बर्फ अजून टिकून असतो.

महिना ठरला की कागदपत्रं, आणि त्यांत एकच गोम आहे. स्वालबार्डचा वेगळा व्हिसा नसतो, पण विमान ओस्लो किंवा ट्रॉम्सोहून जातं, म्हणून शेंगेन व्हिसा लागतोच. शिवाय स्वालबार्ड शेंगेनबाहेर असल्यामुळे परतताना त्या हद्दीत दुसऱ्यांदा शिरावं लागतं. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेतला तर परतीची वाट अडते.

दुसरा आक्षेप पैशांचा. इतका खर्च करायचा आणि वर दोन दिवस मोकळे ठेवायचे? ठेवायचेच. धुकं उतरलं किंवा वारा वाढला की बोट सुटत नाही, आणि त्या दिवसाला जागा नसेल तर तो कायमचा गेला. ज्याच्या वहीत रोजचा रकाना भरलेला, त्याचंच यात जास्त नुकसान होतं.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: वितळणारा बर्फ बघायला विमानाने जायचं, म्हणजे तो वितळवायला हातभार लावायचा. हे मला खोडून काढता येत नाही. एवढंच म्हणता येईल की जायचं तर एकदाच, जास्त दिवसांसाठी, एकाच गावात मुक्काम ठोकून जावं. या बदलावर आपल्या देशाचीही नजर आहे: स्वालबार्डमध्येच, कॉंग्सफ्योर्डच्या काठी नी-ऑलेसुंद या वस्तीत २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. २०१४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी या फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या खाडीच्या, पाण्यात तापमान आणि क्षारता सतत नोंदवणारी उपकरणं सोडली. पूर्वी भरवशाने गोठणारे पश्चिमेकडचे फ्योर्ड आता कित्येक हिवाळे उघडेच राहतात. म्हणजे महिन्याचा हिशेबही सरकतो आहे, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनावर विसंबून तिकीट काढणं धोक्याचं आहे. नॉर्वेची हवामान संस्था समुद्रबर्फाचे नकाशे नियमितपणे प्रसिद्ध करते. निघण्याआधी काही आठवडे ते पाहत गेलं, तर कुठला फ्योर्ड मोकळा होतोय याचा अंदाज येऊ लागतो. नेमकी वाट मात्र वाटाड्या आदल्या संध्याकाळी ठरवतो, तोच नकाशा समोर ठेवून.