भ्रूणपेशींचे आसंजन : सागरी अर्चिनचे उदाहरण

सागरी अर्चिन या कंटकचर्मी प्राण्याचे अंडे फलित झाले, की त्याचे विभाजन होऊन दोन, चार, आठ अशा पेशी निर्माण होतात. या पेशी विलग का होत नाहीत, हा प्रश्न वरवर सामान्य वाटतो; परंतु भ्रूणाला आकार कसा येतो याचे मर्म त्याच्याच उत्तरात आहे.

१८९१ मध्ये हान्स ड्रीश याने द्विपेशीय भ्रूण जोराने हलवून पेशी अलग केल्या, तेव्हा एकेका पेशीपासून लहान, पण संपूर्ण डिंभ तयार झाला. १९०० मध्ये कुर्ट हेर्ब्स्ट याने सौम्य मार्ग दाखविला : कॅल्शियमविरहित समुद्रजलात भ्रूणपेशी आपोआप सुट्या होतात. अर्थात त्यांचे बंधन कॅल्शियमवर अवलंबून असते.

हे बंधन दुहेरी आहे. फलनानंतर अंड्याच्या पृष्ठालगतचे कण आपले द्रव्य बाहेर टाकतात व त्यातून हायलिन प्रथिनाचा पारदर्शक थर बनतो. पेशींची बाहेरची बाजू या थराला धरून असते. पेशी-पेशींमधील सांधे मात्र कॅडहेरिन प्रथिने जोडतात. कॅल्शियमच्या योगे या रेणूंना ताठरपणा येतो, आणि शेजारच्या पेशीवरील तशाच रेणूंशी ते जुळतात.

आसंजन म्हणजे केवळ चिकटणे, असा अर्थ घेतल्यास डिंकाची कल्पना मनात येते. ती अपुरी आहे. डिंक निवड करीत नाही आणि योग्य वेळी सुटतही नाही. १९६२ मध्ये ज्युडिचे याने सुट्या केलेल्या भ्रूणपेशी पुन्हा एकत्र येऊन डिंभसदृश रचना घडवितात, असे दाखविले.

सोडण्याचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. सांगाडा घडविणाऱ्या पेशी पोकळ भ्रूणाच्या भिंतीतून आत उतरतात. फिंक व मॅक्ले यांनी १९८५ मध्ये दाखविल्याप्रमाणे, त्या वेळी या पेशींची हायलिनविषयीची व शेजारच्या पेशींविषयीची आसक्ती घटते आणि आतील आधारपटलाविषयीची वाढते. त्यांच्या पृष्ठावरील कॅडहेरिनही नाहीसे होते, असे १९९७ मध्ये आढळले.

कर्करोगाच्या अनेक प्रकारांत पेशी मूळ स्थान सोडताना कॅडहेरिन असेच घटते. भ्रूणात जो वियोग नियत वेळी घडून रचना उभारतो, तोच अवेळी घडल्यास घातक ठरतो. म्हणून आसंजनाच्या अभ्यासात धरणे आणि सोडणे यांचा विचार एकत्रच केला पाहिजे.