*गाडी घाटात दम सोडते? इंजिन खोलण्याआधी एवढं तपासा*



आज सल्ला फवारणीचा नाही, गाडीचा आहे. पेरूची तोडणी जोरात चालू आहे आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचा माल स्वतःच्या जुन्या पिकअपमधून नाहीतर छोट्या हत्तीतून जातो. गाडी वाटेत ओढेनाशी झाली, तर मालाचा भावही जातो.

मागच्या आठवड्यात आपल्या एका सभासदाची १५ वर्षं जुनी पिकअप क्रेट भरून पुण्याला निघाली. संगमनेरपर्यंत ठीक होती. चंदनापुरी घाटात मात्र पहिल्या गिअरवर आली. गुलटेकडीला पोचेपर्यंत बाजार उरकत आला होता, चांगला माल पडेल भावात द्यावा लागला. परत आल्यावर गॅरेजमध्ये सांगितलं, "इंजिनचं काम निघालंय." दादा उसनवारी करायच्या बेतात होते. आम्ही म्हटलं, आधी डिझेल फिल्टर तर खोलून बघू. खाली पाणी आणि काळा गाळ! फिल्टर बदलला, एअर काढली, गाडी पूर्वीसारखी ओढायला लागली.

पान पिवळं पडलं की आपण लगेच युरिया टाकत नाही. आधी मुळी बघतो, पाणी साचलंय का बघतो. गाडीचंही तसंच. इंजिनला हवा पाहिजे, डिझेल पाहिजे, आणि तयार झालेली ताकद चाकापर्यंत पोचली पाहिजे. कमी खर्चाचं आधी, मोठ्या खर्चाचं शेवटी, या क्रमाने बघा 👇

*१) अ‍ॅक्सिलेटर केबल:* इंजिन बंद ठेवा. एकाने पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर बघायचा. लिव्हर शेवटपर्यंत जात नसेल तर केबल सैल झालीय. नुसती ताणून घ्यायची.

*२) एअर फिल्टर:* आपल्या कच्च्या रस्त्यांची धूळ इथेच बसते. फिल्टर काढून आतून बॅटरी लावा. उजेड बाहेर दिसत नसेल तर बदला. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी प्रेशरने. फिल्टर काढून गाडी पळवू नका, धूळ थेट इंजिनात जाते.

*३) डिझेल फिल्टर:* खालचा नट सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, अर्धा तास ठेवा. पाणी जड असतं, तळाला वेगळं दिसतं. शेतावर कॅनमध्ये साठवलेलं डिझेल वापरणाऱ्यांनी हे नक्की करा. पाइपचे जोड ओले दिसले तर तिथून गाडी एअर घेत असेल.

*४) टर्बोचा रबरी पाइप (टर्बो असेल तर):* चिरलाय का, क्लॅम्प ढिला आहे का? जोर दिल्यावर सूं-सूं आवाज आणि काळा धूर ही त्याची खूण.

*५) ब्रेक जाम:* पाच-सहा किलोमीटर चालवून थांबा. हात चाकाजवळ न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय.

*६) क्लच:* चढावर इंजिन ओरडतं, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो? मग इंजिन ठीक आहे, क्लच प्लेट घसरतेय.

*धूर काय सांगतो?*
⚫ काळा: हवा कमी पडतेय किंवा नोझल खराब.
🔵 निळा: ऑइल जळतंय.
⚪ पांढरा: थंडीत सकाळी थोडा वेळ चालतो. गाडी तापल्यावरही येत असेल आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट बघून घ्या.
धूर नाही आणि दमही नाही: बहुतेक डिझेल कमी पोचतंय. क्रमांक १ आणि ३ पुन्हा बघा.

निळा धूर, वरचेवर कमी होणारं ऑइल आणि ऑइलच्या झाकणातून धूर फेकणं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर इंजिनचं काम खरंच असू शकतं. तरी खोलण्याआधी मिस्त्रींना *कॉम्प्रेशन गेज लावून मोजायला सांगा.* नुसत्या अंदाजावर हेड उतरवू देऊ नका.

⚠️ तपासताना गाडी सपाट जागेवर घ्या, चाकाला दगड लावा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. इंजिन चालू असताना पंख्याजवळ उपरणं, ओढणी नको.

मोठी खेप भरायच्या आदल्या दिवशी दोन्ही फिल्टर बघून घ्या. रात्री घाटात मिस्त्री मिळत नाही आणि पिकलेला पेरू थांबत नाही. काही अडलं तर धुराचा छोटा व्हिडिओ ग्रुपवर टाका, आपल्यातले जाणकार सांगतील.

आपला,
कृषी सल्लागार, शिर्डी