साखरेचा आकडा आणि बाजाराची अपेक्षा

१२ मार्च २०१२ रोजी केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने त्या वर्षीच्या जानेवारीचा औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक जाहीर केला. वाढीचा दर होता ६.८ टक्के. त्यापूर्वीचे काही महिने कारखानदारीची गती मंदावलेली असल्याने उद्योगधंदे सावरू लागले, असा अर्थ काढला जाणे स्वाभाविक होते. परंतु महिनाभरातच हा दर दुरुस्त होऊन १.१ टक्क्यावर आला. जानेवारीतील साखरेचे उत्पादन सुमारे ५८ लाख टन असताना ते १३४ लाख टन धरले गेले होते! देशाची वर्षाची जवळजवळ निम्मी साखर एका महिन्यात तयार होत नाही, हे ऊसपट्ट्यातील कोणताही शेतकरी सांगू शकला असता.

ही केवळ कारकुनी चूक म्हणून सोडून देता येणार नाही. बाजार हा भूतकाळाचा हिशेब मांडत नाही. तो भविष्याचा अंदाज बांधतो. पुढील सहा महिन्यांत मागणी वाढेल काय, व्याजाचे दर उतरतील काय, यांवर रोख्यांचे आणि शेअरांचे भाव ठरतात. म्हणूनच आकडा मुळात मोठा की लहान, यापेक्षा तो अपेक्षेहून किती वेगळा निघाला, याला बाजारात अधिक महत्त्व असते. पाच टक्के वाढ अपेक्षित असताना साडेपाच टक्के आली तर उत्साह संचारतो; तीच साडेपाच टक्के सात टक्क्यांच्या अपेक्षेनंतर आली तर निराशा पसरते.

रिझर्व्ह बँकेलाही याच आकड्यांच्या आधारे दिशा ठरवावी लागते. १५ मार्च २०१२ रोजी तिने रेपो दर ८.५ टक्क्यांवर कायम ठेवला आणि १७ एप्रिलला तो अर्ध्या टक्क्याने उतरवला. साखरेच्या आकड्यामुळेच हा महिन्याचा विलंब झाला, असे म्हणणे धाडसाचे होईल. महागाई आणि सरकारची वित्तीय तूट याही चिंता तेव्हा होत्याच. परंतु धोरण ठरविणाऱ्यांपुढे त्या वेळी असलेले चित्र वस्तुस्थितीला धरून नव्हते, एवढे निश्चित.

चूक आणि फेरअंदाज यांत मात्र भेद केला पाहिजे. जुलै ते सप्टेंबर २०२४ या तिमाहीत राष्ट्रीय उत्पन्न सात टक्क्यांनी वाढेल, असा रिझर्व्ह बँकेचा अंदाज होता. प्रत्यक्षात प्रथम ५.४ टक्के वाढ जाहीर झाली आणि पुढे ती ५.६ टक्के करण्यात आली. डिसेंबरमध्ये बँकेने २०२४-२५ या वर्षाचा आपला अंदाज ७.२ वरून ६.६ टक्क्यांवर आणला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर पाव टक्क्याने कमी केला. पहिला अंदाज अपुऱ्या माहितीवर उभा असतो. असंघटित क्षेत्राचा, छोट्या दुकानदाराचा आणि कारागिराचा हिशेब तिमाही संपताच हाती येत नाही. माहिती येईल तसा आकडा बदलणे हा सांख्यिकीचा दोष नसून तिचा प्रामाणिकपणा आहे.

हा सारा विषय मुंबईच्या दलाल स्ट्रीटचा, आपला नव्हे, असे शिक्षकाने किंवा कारकुनाने मानू नये. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या बदलत्या दराच्या नव्या गृहकर्जांचे व्याज रेपो दरासारख्या बाह्य दराशी जोडले गेले आहे. महागाई भत्ता ग्राहक किमतींच्या निर्देशांकावर ठरतो. म्हणजे दूरच्या कचेरीत भरलेल्या एका तक्त्याचा परिणाम आपल्या कर्जाच्या हप्त्यावर आणि पगाराच्या पावतीवर उमटतो.

तेव्हा दोन गोष्टी आवश्यक ठरतात. माहिती गोळा करणाऱ्या यंत्रणेला पुरेसे मनुष्यबळ आणि दर्जा दिला पाहिजे. तेथे केलेली काटकसर अखेर महागच पडते. आणि वाचकांनीही पहिल्या आकड्याने हुरळून वा हबकून न जाता दुसऱ्या आकड्याची वाट पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे. पहिला आकडा मथळ्यात येतो आणि त्याची दुरुस्ती आतल्या पानावर. अर्थव्यवस्थेचे खरे चित्र पुष्कळदा त्या आतल्या पानावरच असते.