सोबत्याची रिकामी जागा

संगणक गणितात पक्का, हा आपला समज अर्धाच खरा. 1985 साली आलेला इंटेलचा 80386 पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी झटपट करी. पण दशांशचिन्ह, वर्गमूळ किंवा कोनांचे गणित आले की त्याची दमछाक होई. त्यासाठी शेजारी 80387 ही गणिताची वेगळी चिप बसवण्याची सोय असे. तिचे पैसे वेगळे पडत, म्हणून कित्येक यंत्रांत ती जागा रिकामीच राही.

1994 साली मारेगावात माझ्याकडे असेच एक यंत्र होते. जमीनमोजणीची आकडेमोड मी त्यावर करी. नवे घ्यायचे तर त्या वर्षीच्या कापसाचा पैसा त्यातच गेला असता. मी चिप आणली, यंत्राच्या वेगाशी जुळणारी. वीज तोडली, लोखंडी पेटीला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, चिपचा कापलेला कोपरा खुणेशी जुळवला आणि चहूबाजूंनी सारखा दाब दिला. एक पिन वाकली असती तर पैसे पाण्यात! मोजणीचे काम लवकर उरकू लागले. पत्रे मात्र पूर्वीच्याच गतीने टाइप होत.

1989च्या 486 डीएक्समध्ये हा सोबती मुख्य चिपमध्येच सामावला होता. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली परम 8000 घडवला, तोही अनेक चिप्सना एकत्र राबवूनच.

वाचकहो, जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी एकदा झाकण उघडून पाहा. आज तो सोबती म्हणजे कदाचित थोडी वाढीव मेमरी असेल.