स्वतःची चरबी की फिलर? चेहऱ्याच्या भरावाविषयीचे गैरसमज

वाढत्या वयात चेहरा उतरतो त्याचे कारण बहुतेकांना त्वचेच्या सैलपणात दिसते. प्रत्यक्षात त्वचेखालचा आधारच कमी होत जातो. गाल, कानशिले आणि डोळ्यांखालचा भाग येथील चरबी एकसंध थराने पसरलेली नसून पातळ पडद्यांनी विभागलेल्या स्वतंत्र कप्प्यांत असते, हे रोरिच आणि पेसा या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी २००७ मध्ये मृतदेहांवरील अभ्यासातून दाखवले. यांतील काही कप्पे इतरांपेक्षा आधी रिकामे होतात, खालचे हाडही झिजते, आणि मग वरची त्वचा कितीही निगा राखली तरी ओघळलेली दिसते. हा गेलेला भराव परत आणण्याचे दोन मार्ग आज प्रचलित आहेत. पहिला मेदरोपणाचा, म्हणजे पोट किंवा मांडीतील चरबी बारीक नळीने काढून, स्वच्छ करून चेहऱ्यात सोडण्याचा. दुसरा फिलरचा, म्हणजे कारखान्यात तयार झालेला, बहुधा हायल्युरॉनिक ॲसिडचा, जेल सुईने किंवा बोथट टोकाच्या कॅन्युलाने त्वचेखाली भरण्याचा. नाशिकसारख्या शहरातही या दोन्ही उपचारांची विचारणा आता होते, आणि त्यांतील निवड बहुधा ‘एक नैसर्गिक, दुसरे रासायनिक’ एवढ्या एका समजुतीवर केली जाते. ही समजूत जितकी पटकन पटते तितकीच ती दिशाभूल करणारी आहे.

स्वतःच्या शरीरातील चरबी शरीर नाकारत नाही, हे खरे आहे. परंतु नाकारले न जाणे आणि जिवंत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात या फरकाचे एक जुने उदाहरण आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या, इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याजवळ एका कारागीर जातीतील वैद्याने कपाळाच्या त्वचेतून पुन्हा घडवले, आणि त्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आल्यावर युरोपातील शल्यचिकित्सेचे लक्ष तिकडे वळले. त्या शस्त्रक्रियेत कपाळाची त्वचा पूर्ण कापून वेगळी केलेली नव्हती. ती एका अरुंद देठाने मूळ जागेशी जोडलेली राहिली आणि नवा रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत त्याच देठातून तिला रक्त मिळत राहिले. मेदरोपणात असा देठ नसतो. काढलेल्या मेदपेशींचा रक्तपुरवठा पूर्ण तुटलेला असतो, पहिले काही दिवस त्या आजूबाजूच्या द्रवातून झिरपणाऱ्या प्राणवायूवर तग धरतात, आणि तेवढ्यात नव्या केशवाहिन्या पोहोचल्या तरच टिकतात. वाफ्यातून उपटलेले कांद्याचे रोप नव्या जमिनीत ओल मिळाली तरच जीव धरते, तसेच हे आहे. चरबीचा जाड गोळा एकाच जागी सोडला तर त्याच्या कडेच्या काही दशांश मिलिमीटरमधल्या पेशी वाचतात आणि मधल्या मरतात. मेलेल्या पेशींच्या जागी तेलाच्या गाठी किंवा चुन्यासारखे कठीण कण उरू शकतात. न्यूयॉर्कचे सिडनी कोलमन यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत चरबी अगदी थेंबाथेंबाने, अनेक बारीक बोगद्यांतून आणि वेगवेगळ्या पातळ्यांवर सोडण्याचा आग्रह आहे तो याचसाठी. ही कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. जर्मन शल्यचिकित्सक गुस्टाव्ह नॉयबर यांनी १८९३ मध्येच दंडातील चरबी चेहऱ्यावरच्या खोलगट व्रणांत भरली होती.

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हा समज सर्वांत घातक ठरतो तो रक्तवाहिन्यांच्या बाबतीत. चेहऱ्यातील रोहिण्या डोळ्याकडे जाणाऱ्या रोहिणीशी जोडलेल्या असतात. सुईचे टोक चुकून अशा रोहिणीत शिरले आणि दट्ट्या जोराने दाबला गेला, तर आत गेलेला पदार्थ रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध मागे ढकलला जातो आणि दाब सुटताच पुढे सरकून दृष्टिपटलाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत अडकतो. दृष्टिपटल रक्तावाचून साधारण दीड तासापलीकडे तग धरत नाही, त्यामुळे गेलेली दृष्टी परत येणे दुर्मीळ असते. बेलेझ्नाय आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तोवरच्या वैद्यकीय साहित्यातून अशी ९८ प्रकरणे गोळा केली, तेव्हा त्यांतील ४७.९ टक्के प्रकरणे स्वतःच्या चरबीमुळे आणि २३.५ टक्के हायल्युरॉनिक ॲसिडच्या फिलरमुळे घडलेली होती. पुढे २०१५ ते २०१८ या काळातील आणखी ४८ प्रकरणांत हे चित्र उलटले आणि ८१.३ टक्के प्रकरणे हायल्युरॉनिक ॲसिडची निघाली. एकूण किती जणांना कोणता उपचार दिला गेला हे या आकड्यांतून कळत नाही, म्हणून त्यांवरून एकाला अधिक आणि दुसऱ्याला कमी धोकादायक ठरवता येत नाही. परंतु दोन्ही पदार्थ डोळा घालवू शकतात, एवढे त्यांतून निःसंशय सिद्ध होते. भिवयांमधला भाग, नाक, नाकाच्या बाजूची घडी आणि कपाळ या जागा त्यांत विशेष जोखमीच्या आढळल्या.

फरक आहे तो चूक झाल्यानंतर. हायल्युरॉनिक ॲसिडचा जेल हायल्युरोनिडेज नावाच्या वितंचकाने, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाने, विरघळवता येतो. त्वचेचा रक्तपुरवठा तुटू लागल्यास, म्हणजे तीव्र वेदना होऊन त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडल्यास, हे वितंचक वेळेवर आणि पुरेशा मात्रेत देऊन त्वचा वाचवता येते. नको असलेला आकारही त्याच मार्गाने काढता येतो. चरबीला असा उतारा नाही. म्हणून पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या, आपल्याला नेमके काय हवे याची खात्री नसलेल्या आणि थोडाच भराव हवा असणाऱ्या व्यक्तीसाठी परत फिरता येण्याजोगा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो. मात्र ज्या दवाखान्यात हायल्युरोनिडेज हाताशी ठेवलेले नाही, तिथे हा फायदा केवळ कागदावर उरतो.

टिकाऊपणाबद्दलचे दोन्ही प्रचलित समज अर्धेच खरे आहेत. फिलर वर्षभरात पूर्ण नाहीसा होतो असे सांगितले जाते. दिसणारा परिणाम बहुधा सहा ते अठरा महिन्यांत ओसरतो हे बरोबर, पण एमआरआय तपासण्यांत कित्येक वर्षांपूर्वीचा जेल चेहऱ्यात शिल्लक आढळलेला आहे, आणि त्यावर दरवर्षी नवी भर घातली की चेहरा सुजल्यासारखा दिसू लागतो. चरबी कायमची असते असेही म्हणतात. पण रोपण केलेल्या चरबीतील किती टिकेल हे व्यक्ती, जागा आणि हात यांवर अवलंबून असते, बरीचशी पहिल्या महिन्यांतच शोषली जाते, धूम्रपानाने ते प्रमाण आणखी घटते, आणि अंतिम चित्र तीन ते सहा महिन्यांनी स्पष्ट होते. जी टिकते ती जिवंत असते, म्हणून वजन वाढले की तीही वाढते. वजनात मोठे चढउतार होणाऱ्यांनी ही गोष्ट आधी विचारात घ्यायला हवी.

फिलर प्राण्यांपासून बनतो, ही शंका शाकाहारी कुटुंबांत वारंवार निघते. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला पहिला फिलर गाईच्या कातडीतील कोलाजेनचा होता आणि तो देण्यापूर्वी ॲलर्जीची चाचणी करावी लागे. आजचे हायल्युरॉनिक ॲसिड जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते. उलट ते विरघळवणारे हायल्युरोनिडेज मात्र अनेकदा मेंढा किंवा बैल यांच्यापासून मिळवलेले असते. बोटॉक्स आणि फिलर एकच, हा समजही चुकीचा: बोटॉक्स स्नायू शिथिल करतो, भराव देत नाही.

भराव म्हणजे निव्वळ हौस, असे मानणाऱ्यांसाठी भारतातील एचआयव्ही रुग्णांचा अनुभव बोलका आहे. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारे औषधोपचार, मोफत सुरू केले, तेव्हा मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी होते. त्या काळातील औषधांत स्टॅव्ह्युडिन हे स्वस्त आणि प्राण वाचवणारे औषध होते, पण दीर्घकाळ घेतल्यास त्याने गालांतील चरबी वितळून जात असे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते बंद करत जाण्याची शिफारस केली. ज्या आजाराची वाच्यता करणे अशक्य होते, तोच आजार खोल गेलेल्या गालांवरून लोकांना ओळखू येऊ लागला. अशा रुग्णांच्या पोटा-मांड्यांतही घेण्याजोगी चरबी अनेकदा उरलेली नसे, त्यामुळे मेदरोपणाचा पर्यायच मिटत असे. पॉलिलॅक्टिक ॲसिड या फिलरला अमेरिकेत २००४ मध्ये पहिली मान्यता मिळाली ती याच दुखण्यासाठी. घेण्याजोगी चरबी नसलेल्या सडपातळ व्यक्तीलाही हाच नियम लागू पडतो. याउलट भराव मोठ्या प्रमाणात हवा असेल, एका बाजूचा चेहरा आजाराने आक्रसला असेल किंवा जुन्या व्रणाखालची जागा भरायची असेल, तर चरबीचे पारडे जड होते.

कायमस्वरूपी भरावाचे आमिष मात्र दोन्हींहून वेगळे आणि जुने आहे. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी १८९९ मध्ये पॅराफिन टोचून ते आजमावले आणि त्यातून उद्भवलेल्या गाठींनी पुढची कित्येक वर्षे रुग्णांना छळले. पातळ सिलिकॉनने तीच कहाणी पुन्हा घडवली. दाबाने जेल आत ढकलणाऱ्या, सुईविना चालणाऱ्या ‘हायल्युरॉन पेन’विरुद्ध अमेरिकी औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये इशारा दिला. ब्यूटी पार्लरमध्ये असे काही देऊ केले जात असेल तर ते नाकारणे हाच योग्य निर्णय आहे. ज्या नाशिकमध्ये १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, आणि जिथून राज्यभरातील त्वचारोग व प्लास्टिक सर्जरीच्या पदव्युत्तर पदव्या दिल्या जातात, तिथल्या रुग्णाने डॉक्टरांची पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेतील नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. सिरिंजचे वेष्टन आपल्यासमोर फोडण्याचा आणि त्यावरील बॅच क्रमांकाचे लेबल आपल्या कागदपत्रांत लावून घेण्याचा आग्रहही धरावा.

खर्चाविषयीचा एक गैरसमज उरतो, तो म्हणजे असा कोणताही उपचार विम्यात बसत नाही. सौंदर्यासाठी केलेला उपचार विम्यातून वगळलेला असतो आणि त्यावर जीएसटीही लागतो, हे खरे. परंतु जन्मजात व्यंग, विकासातील दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करण्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी जीएसटीच्या सवलतीत राहते, आणि अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना विमा नियामकाच्या प्रमाणित वगळणीतून बाहेर ठेवलेली आहे. मुंबई–आग्रा महामार्गावरील अपघातात ज्याचा गाल खोल गेला, त्याच्या कागदपत्रांत उपचाराचे कारण ‘सौंदर्यवर्धन’ न लिहिता अपघाताची तारीख, झालेली इजा आणि पुनर्रचनेची गरज स्पष्टपणे नोंदवून घेणे, हे काम शस्त्रक्रियेच्या आधीच करायचे असते.