हिरवे कर्ज : व्याजाचे गणित आणि पाण्याचा हिशेब
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गेल्या महिन्यात एका गट कार्यालयात ठिबकची बैठक होती. विषय संपला, चहा यायचा होता, तेवढ्यात एका वयस्कर सभासदांनी विचारले, "साहेब, पेपरात सारखं हिरवं कर्ज, हिरवं कर्ज येतंय. ते फेडायला नको असतं का?" सगळे हसले. मीही हसलो, पण नीट उत्तर काही देता आले नाही. शेतकी पदविकेच्या माणसाला हुमणी विचारा, खोडकीड विचारा. रोख्यांच्या भानगडीत तो कशाला पडेल! पण आपल्या उसाच्या बिलातून भागाची आणि ठेवीची रक्कम कापली जाते, म्हणजे तुम्ही सगळे या धंद्यातले गुंतवणूकदार आहात. म्हणून वाचून, जाणकारांना विचारून जे समजले ते इथे मांडतो.

कर्ज ते कर्जच, फेडावेच लागते. फरक एवढाच की पैसा कोणत्या कामाला लागणार ते आधी लिहून द्यायचे आणि काम झाल्यावर त्याचा निकाल दाखवायचा. जागतिक बँकेने नोव्हेंबर २००८ मध्ये असा पहिला हिरवा रोखा काढला, तो स्वीडनच्या पेन्शन फंडांच्या मागणीवरून. पेन्शनचा पैसा तीस-तीस वर्षे गुंतवायचा असतो. तेव्हा पाणी आटले, पूर आला, कायदा बदलला तर धंदा टिकेल का, हा प्रश्न त्यांना पडणारच. आपल्या जवळचे उदाहरण इंदूरचे. नर्मदेचे पाणी शहरात चढवायला वीजबिल भरमसाट येते. म्हणून जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे रोखे सामान्य लोकांना विकायला काढले, व्याज सव्वाआठ टक्के. मागणी कितीतरी पट जास्त आली.

आता व्याज खरेच किती कमी पडते? केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये पहिले हिरवे रोखे विकले, तेव्हा नेहमीच्या रोख्यांपेक्षा शंभर रुपयांमागे पाच-सहा पैसेच व्याज कमी लागले. पुढच्या विक्रीत तेवढेही राहिले नाही. म्हणजे पर्यावरणाच्या प्रेमाने सावकार फार सूट देत नाही. मोठी सूट मिळते ती सरकारी तिजोरीतून. आणि तिजोरीची सूट धोरणावर अवलंबून असते, हे आपल्या धंद्याइतके कोणाला ठाऊक असणार?

२०१८ मध्ये केंद्राने इथेनॉल प्रकल्पांसाठी व्याज सवलत आणली. सहा टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मे, यांत जे कमी असेल ते सरकार पाच वर्षे भरणार, त्यात पहिले वर्ष हप्त्याला सवड. कारखान्यांनी आसवन्या उभ्या केल्या, क्षमता वाढवली. मग पावसाने ओढ दिली, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली, आणि ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गळीत हंगामात, उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायला बंदीचा हुकूम आला. आठवडाभरात तो सैल करून १७ लाख टन साखरेएवढी मर्यादा घातली गेली, आणि २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षासाठी बंधन उठले. पण मधल्या काळात बँकेचा हप्ता काही थांबला नव्हता. मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांसाठी, आसवनीत मका व खराब धान्यही चालेल असे बदल करायला, पुन्हा व्याज सवलत जाहीर झाली. योजना चांगलीच आहे. फक्त मका कोणत्या भावाने आणि कोठून येणार, हे विचारल्याशिवाय कोणी हात वर करू नये, असे माझे मत.

हे झाले कारखान्याचे. माझ्या खात्याचे दुखणे वेगळेच आहे आणि ते सांगायला थोडा संकोच वाटतो.

जुलै २०१७ मध्ये राज्य शासनाने उसाला ठिबक करण्यासाठी स्वस्त कर्जाचा निर्णय घेतला. हेक्टरी ८५,४०० रुपयांपर्यंत कर्ज, व्याज सव्वासात टक्के. पैकी ४ टक्के शासनाने, सव्वा टक्का कारखान्याने आणि २ टक्के शेतकऱ्याने सोसायचे. नाव वेगळे असले तरी हे हिरवे कर्जच. त्या काळात मी मोटारसायकलवरून प्रस्ताव भरून घेत हिंडलो. महिन्याच्या अहवालात आकडा चढला की बरे वाटायचे. दोन वर्षांनी त्याच शिवारातून फिरलो तर काय दिसले? कोणी भर लावताना नळ्या गुंडाळून बांधावर टाकलेल्या, त्या तिथेच. कोणी खोडवा राखताना पाचट पेटवले आणि नळ्या त्यात गेल्या. कोणाच्या ड्रिपरमध्ये क्षार साचलेला. आम्लाची प्रक्रिया करायची असते हे आम्ही सांगितलेच नव्हते. आणि कालव्याचे आवर्तन आले की ठिबक असूनही पाट सोडलेला. आम्ही संच मोजले, पाणी मोजले नाही. शेतकऱ्याच्या डोक्यावर दोन टक्क्यांचे का होईना कर्ज राहिले, आणि विहिरीची पातळी होती तिथेच.

मोठा गुंतवणूकदार नेमके हेच विचारतो : संच बसवले किती नव्हे, पाणी वाचले किती. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला आहे. आपला कारखाना बाजारात नाही, तेव्हा आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. पण साखर घेणाऱ्या पेय आणि मिठाईच्या कंपन्या त्यात आहेत. त्यांचा प्रश्न फिरून आपल्या फडापर्यंत येतो.

तो फक्त पाण्याचा नसतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात आला, शासनाने समिती नेमली. आपल्या फडात टोळी उतरते तिथे पाणी कुठले, संडास आहे का, मुले शाळेत जातात की मोळ्या उचलतात? बैलगाडी अड्ड्यावर दोन हातपंप आणि चार आडोसे करायला हिरवे रोखे लागत नाहीत, तरीही ते राहूनच जाते.

तेव्हा वार्षिक सभेत असे कर्ज घेण्याचा विषय आला तर टक्केवारीवर थांबू नका. सवलत किती वर्षांची आणि ती संपल्यावर हप्ता किती, हे विचारा. माल विकण्यावर बंधन आले तर काय, आणि निकाल मोजणार कोण, हेही विचारा. अहवाल लिहायला आणि तपासनीस आणायला खर्च येतो, तोही धरायला लावा.

त्या सभासदांना मी परवा घरी जाऊन हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे फेडायचं ते फेडायचंच, वर जबाब पण द्यायचा!" मी म्हटले, बरोबर. त्यांच्या विहिरीवर आता पाण्याचे मीटर बसवायचे ठरले आहे.

ज्या सभासदांकडे ठिबक संच चालू आहे, त्यांनी येत्या लागणीपासून मीटरचे वाचन दर पंधरवड्याला आपल्या चिटबॉयकडे लिहून द्यावे. संच बंद असेल तर तसेही कळवावे, लाजू नये. आम्ही येऊन नळ्या धुऊन देऊ.