वाटेवरचे भाऊबंद

आज थोडं रस्त्यावरच्या माणसांबद्दल बोलू. जुन्नर-आंबेगावात ज्यांच्या घरातलं कुणीच गाडीवर नाही अशी घरं थोडी. कुणाचा मालक नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटो भरून वाशीला जातो, कुणाचा भाऊ ओतूरचा कांदा नेतो, कुणाचा मुलगा पिकअपवर. गाडी बाहेर पडली की आपला जीव टांगणीला लागतो. पण रस्त्यावर त्याला सांभाळणारं कुणीतरी असतं. कोण, ते ऐका.

आमच्या गटातल्या एका ताईंचे मालक पावसाळ्यात भाजीची पिकअप घेऊन माळशेज घाट उतरत होते. रात्रीची वेळ, धुकं असं की दहा पावलांवरचं दिसेना. मागचं टायर फुटलं, स्टेपनी लावावी तर तिच्यातही हवा नाही. फोनला रेंज नाही. तेवढ्यात मागून एक ट्रक आला. ओळख ना पाळख. ड्रायव्हरनं ट्रक मागे बाजूला घेऊन चारी इंडिकेटर चालू ठेवले. क्लीनरनं झाडाची फांदी तोडली, साठएक पावलं मागे जाऊन रस्त्यात टाकली आणि बॅटरी हलवत उभा राहिला. घाट चढून येणाऱ्या एका गाडीला त्यांनी थांबवून निरोप दिला. तो निरोप मढच्या हॉटेलवर पोचला आणि तासाभरात पंक्चरवाला हजर. ट्रकवाला नाव न सांगताच निघून गेला. ताई म्हणतात, "त्याला भाकरी द्यायची राहून गेली."

ही रीत ड्रायव्हर लोकांनी आपसात जपलेली आहे. समोरून येणाऱ्यानं दिवसाउजेडी डिपर मारला, तर पुढं काहीतरी आहे, सावकाश जा. क्लीनर हाताचा पंजा खाली-वर करतो, म्हणजे वेग कमी करा. रस्त्यात हिरवी फांदी दिसली, तर पुढं गाडी बंद पडली आहे. पुढचा ट्रकवाला हात हलवून "ये" म्हणतो, तेव्हा त्याला समोरचं दिसतं, आपल्याला दिसत नाही. तरी आमचं सांगणं असं, की त्याचा हात बघा, पण भरवसा आपल्याच डोळ्यांवर ठेवा. इशारे गावागणिक बदलतात.

गाडीवरचा माणूस नुसता आपल्या जातभाईंनाच सांभाळतो असंही नाही. ३० जुलै २०१४ आठवा. आपल्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. तिथं गाव दिसेनासं झाल्याचं पहिल्यांदा ध्यानात आलं ते त्या वाटेवरच्या एसटीच्या चालकाच्या, आणि त्यानंच बाहेर खबर दिली. रोज त्याच वाटेनं जाणाऱ्याला काय बदललं ते लगेच कळतं.

आता उलटी बाजू. १७ जानेवारी २०२५ ला नारायणगावजवळ पुणे-नाशिक रस्त्यावर एका टेम्पोनं प्रवासी गाडीला मागून धडक दिली. ती गाडी पुढं उभ्या असलेल्या रिकाम्या एसटीवर आदळली. नऊ जण गेले. उभी गाडीही किती घात करू शकते, ते आपण आपल्याच दारात पाहिलं. म्हणूनच त्या फांदीची, त्या चार लाईटींची किंमत मोठी.

मग आपण बायकांनी काय करायचं? आम्ही गटात बोलून चार गोष्टी ठरवल्या.

पहिली, रेडियम. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. मागे लाईट नसते. लाल रेडियमच्या पट्टीला फार खर्च येत नाही. आपल्या ट्रॉलीला लावा, वस्तीवर उतरलेल्या ऊसतोड कुटुंबाच्या गाडीलाही लावून द्या.

दुसरी, दगड. गाडी बंद पडली की चाकाला दगड लावतात. गाडी निघून जाते, दगड तिथंच राहतो आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर जातो. घरच्याला बजावून सांगा, की निघताना दगड आणि फांदी दोन्ही उचलायची. जो येतो त्यालाही कुणीतरी घरी वाट बघत असतं.

तिसरी, निघताना स्टेपनीची हवा बघायची. गाडीत बॅटरी आणि लाल त्रिकोण हवाच. आपण मजुरीला पहाटे पिकअपमधून जातो, तेव्हा ड्रायव्हर पेंगतोय असं वाटलं तर गप्प बसायचं नाही. गाडी थांबवायला लावायची. एका रोजापेक्षा जीव मोठा.

चौथी, भीती सोडायची. अपघात दिसला की लोक म्हणतात, "नको बाई, पोलिसांचं झेंगट." मैत्रिणींनो, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. जखमीला चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर दावा किंवा खटला चालत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकारच्या राहवीर योजनेत २५ हजारांचं बक्षीस आहे. मे २०२५ पासून अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत बिनपैशाच्या उपचाराची योजनाही लागू झाली आहे. दवाखान्यात तिच्याबद्दल विचारा. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३. हे तीन नंबर खडूनं दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

त्या ट्रकवाल्याला द्यायची राहिलेली भाकरी ताईंनी मनातून काढलेली नाही. आता मालक निघताना त्या दोन भाकरी जास्तीच्या बांधतात. वाटेत कुणाची गाडी अडलेली दिसली, तर त्या तिथं पोचतात. आज संध्याकाळी तुमच्या घरच्या गाडीवाल्याला एवढंच विचारा, "वाटेत कुणाला थांबून मदत केलीस का रे?" विचारणारं घरात असलं, की थांबणारा वाटेवर असतो.